चित्र केवढें असावें?

छायाचित्रकाराचें आपल्या चित्रावर प्रेम असतें, आणि प्रेमाची एक खोड अशी कीं, आपली वस्तु जगाला मोठी करून दाखवावी असें त्याला सारखें वाटतें. चित्रें भिंतीवर लागत होतीं तोंपर्यंत या खोडीला भिंतीचाच लगाम होता. शिवाय मापेंही ठरलेलीं असत. पॅरिसच्या दिस्देरीनें १८५४ मध्यें ज्याचें पेटंट घेतलें तें ‘कार्त द व्हिझिट’ सुमारें ४ इंच उंच व २॥ इंच रुंद अशा पुठ्ठ्यावर चिकटवलेलें असे. त्याच्या मागून ‘कॅबिनेट’ आलें. आपल्याकडील स्टुडिओंतून ‘हाफ प्लेट’ व ‘फुल प्लेट’ हे शब्द तर घरगुती होऊन गेले. गिऱ्हाइकानें मापाचें नांव घ्यावें आणि पैसे मोजावे, इतका तो सरळ व्यवहार होता.

संकेतस्थळावर चित्रें मांडूं पाहणाऱ्याला ही सोय नाहीं. वाई व मेणवली येथील कृष्णाकांठच्या घाटांचीं छायाचित्रें मीं बऱ्याच वर्षांपासून जमवलीं आहेत. तीं संकेतस्थळावर मांडावीं असें मनांत येतांच दोन प्रश्न दारांत येऊन उभे राहिले. गॅलरीसाठीं सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें, आणि चित्र केवढें ठेवावें? पहिला प्रश्न महत्त्वाचा व दुसरा क्षुल्लक, असें माझ्या जाणत्या मित्रांचें मत पडलें. मला मात्र विचारान्तीं असें वाटूं लागलें आहे कीं, पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्याच पोटांत दडलेलें आहे.

प्रथम थोडें गणित करूं. माझा कॅमेरा जें चित्र टिपतो तें ६००० पिक्सल रुंद व ४००० उंच असतें; म्हणजे २ कोटी ४० लक्ष टिंबांची ती रांगोळी. आतां संगणकाचा नेहमींचा पडदा घ्या. १९२० रुंद व १०८० उंच अशा पडद्यावर २० लक्ष ७३ हजार ६०० टिंबेंच मावतात. मूळ चित्र जसेंच्या तसें धाडलें तर बारा हिश्श्यांतले सुमारें अकरा हिस्से पाहणाऱ्याला दिसतच नाहींत. ते घेऊन येण्याचा वेळ व खर्च मात्र त्याच्या माथीं बसतो. पाहुण्यानें पेलाभर पाणी मागावें आणि आपण त्याच्यापुढें हंडा उपडा करावा, तशांतला हा प्रकार होय.

मग चित्र लहान करावें, हें ओघानेंच आलें. परंतु किती लहान? येथें दुसरेंही टोंक आहे. रुंदी १६०० वरून ८०० वर आणली कीं टिंबें निम्मीं न होतां चौथाई होतात. मेणवलीच्या घाटावर मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेंतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिचें माझें चित्र १६०० च्या रुंदीवर पाहिलें तर तिच्यावरील कोरीव काम दिसतें. ८०० वर नुसती घंटा उरते. उलट, नदीवरील धुक्याचें चित्र ८०० वरही तितकेंच मोहक वाटतें. तेव्हां सर्व चित्रांना एकच माप लावणें म्हणजे घरांतल्या सगळ्या मुलांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखें आहे.

या प्रांतांत अंधश्रद्धाही आहेत. ‘पडद्यासाठीं चित्र ७२ चें करावें’ हा मंत्र अजून कानीं पडतो. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर एका इंचांत ७२ टिंबें असत. तो पडदा गेला, आंकडा मागें राहिला! पडदा पाहतो तो टिंबांची एकूण संख्या. इंचाचा हिशेब फक्त कागदावर छापतांना उपयोगी पडतो. तेथें तो चोरीच्या भीतीवर उताराही ठरतो. उत्तम छपाईला इंचास ३०० टिंबें लागतात असें धरलें, तर १६०० चें चित्र सव्वापांच इंचांहून थोडें अधिक रुंद छापतां येईल. ६००० चें वीस इंच. चोराला पोस्टकार्ड मिळेल, तसबीर मिळणार नाहीं. मग चित्राच्या ऐन कपाळावर आपल्या नांवाचा शिक्का कशाला मारावा?

तथापि खरी मेख पुढेंच आहे. आजचें योग्य माप उद्यां अपुरें पडतें. २००० च्या सुमारास ८०० रुंदीचे पडदे घरोघर होते. त्या वेळीं ६४० चें चित्र भरपूर मोठें वाटे. ज्यांनीं तेवढ्याच प्रती ठेवल्या आणि मूळ चित्रें टाकून दिलीं, त्यांचे संग्रह आज टपालाच्या तिकिटांसारखे दिसतात. म्हणून गॅलरीच्या सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हा विचारावा : तूं मूळ चित्राला हात न लावतां त्यावरून लहानमोठ्या प्रती काढतोस काय, आणि मापें बदललीं तर त्या पुन्हां काढून देशील काय?

दुसरा प्रश्न त्याच्या आयुष्याचा. ‘गॅलरी’ याच नांवाचें, २००० साली सुरू झालेलें एक सॉफ्टवेअर एके काळीं फार लोकप्रिय होतें. २०१४ मध्यें त्याच्या कर्त्यांनीं काम थांबवलें. पिकासा गूगलनें २००४ मध्यें घेतलें व २०१६ मध्यें बंद केलें. फ्लिकरनें २०१३ मध्यें एक टेराबाइट जागा फुकट देऊं केली होती. मालकी बदलल्यावर २०१८ मध्यें फुकट खात्यांना एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर केली. यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यानें भिंतींत धन पुरूं नये, एवढेंच.

आणि येथें धन म्हणजे केवळ चित्र नव्हे, चित्राखालचा मजकूर. वाईचे घाट आळ्यांच्या नांवांनीं ओळखले जातात : गणपति आळी, मधली आळी, धर्मपुरी. नांव पुसलें गेलें कीं उरतात त्या नुसत्या पायऱ्या आणि पाणी. हा मजकूर केवळ सॉफ्टवेअरच्या वहींत लिहिला तर त्याच्याबरोबरच बुडतो. चित्राच्या फाईलींतच लिहिण्याची सोय ‘आयपीटीसी’ या पद्धतीनें आहे, तिनें लिहिला तर चित्र जाईल तेथें जातो. मात्र लहान प्रत काढतांना वजन कमी करण्याच्या भरांत कित्येक सॉफ्टवेअरें हा मजकूर खरवडून टाकतात. टिपलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश त्या झाडणींत गेले तर बरेंच, विशेषतः घरच्या चित्रांतले. परंतु नांवें जातां कामा नयेत.

या कसोट्यांवर मीं पिविगो पसंत केलें. २००२ पासून तें चालत आलें आहे, मूळ चित्र जपतें, हव्या त्या मापांच्या प्रती काढतें, आणि तशी सूचना दिल्यास फाईलींतील मजकूरही वाचतें. तेंही एक दिवस जाईल. म्हणून मूळ चित्रें नांवांसह साध्या कप्प्यांत, दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलीं आहेत. दाखवण्याचें माप पाहणाऱ्याच्या सोयीनें ठरावें. ठेवण्याचें माप मात्र, जो अजून पाहावयास आलेला नाहीं, त्याचा विचार करून ठरवलें पाहिजे. आणि त्याच्या हातीं चित्र पडेल तेव्हां त्याचा पहिला प्रश्न ‘हें केवढें आहे?’ असा नसेल, ‘हें कोठलें आहे?’ असाच असेल.