गवळाऊच्या मुलखांत

वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें कीं सेवाग्राम आणि पवनार हीं दोन स्थळें वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तें यथायोग्यच आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आम्ही आर्वीहून निघालों ते कारंजा-आष्टीकडील डोंगराळ भागाच्या दिशेनें. आणि आमचें प्रयोजन तीर्थयात्रेचें नसून एक बैल पाहण्याचें होतें.

आमच्या घरीं गवळाऊ जातीची ढवळ्या-पवळ्या ही जोडी होती. २०२२ सालीं लम्पीची साथ आली. माश्या-डांसांच्या योगें पसरणारा हा रोग. अंगभर गांठी उठल्या आणि नवव्या दिवशीं पवळ्या गेला. तेव्हांपासून ढवळ्या एकटा. एकट्या बैलास जूं नाहीं, म्हणून कामही नाहीं. धाकटे बंधु म्हणत, "दादा, विकून टाकूं, कुटार आणि ढेप का फुकट येते?" मातोश्री म्हणत, त्याला जोडीदार आणा. पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांतील भांडणें मिटविलीं, पण हें एक मिटेना.

गवळाऊ ही याच मुलखाची जात. वर्धा-नागपुरापासून छिंदवाडा-शिवनीपर्यंत तिचा विस्तार आहे. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर व वशिंडावर करडी झांक. डोकें लांबट, शिंगें आंखूड, अंग सडपातळ. दूध बेताचें, पण चाल अशी कीं दमणीस जुंपल्यावर घोड्याची आठवण व्हावी. भोसल्यांच्या फौजेची रसद डोंगरांतून याच बैलांनीं वाहिली, असें परंपरेनें सांगतात. जमनालालजी बजाज १९४२ सालीं वर्धा येथें वारले, ते गोसेवेच्याच कामांत असतां. कारंजा तालुक्यांतील हेटीकुंडीस या जातीच्या संवर्धनार्थ सरकारी प्रक्षेत्रही आहे. आतां मात्र शेतांत ट्रॅक्टर आणि दुधासाठीं संकरित गाय; मधल्यामध्यें गवळाऊस जागा उरत नाहीं. (सभेंत आपण ज्यास 'धुरीण' म्हणतों, तो शब्द मूळचा धुरा वाहणाऱ्या बैलाचा, हें किती धुरीणांस ठाऊक असेल?)

सायंकाळीं एका गवळ्याच्या वाडीवर पोंचलों. गुरें रानांतून परतत होतीं. त्या धुळींत पांढऱ्या पाठी मात्र स्पष्ट दिसत. वृद्ध गवळ्यानें आम्हांस खाटेवर बसविलें, ताक दिलें, आणि किंमतीची गोष्ट काढूंच दिली नाहीं. उलट तपासणी त्यानेंच आरंभिली: ढवळ्याचे दांत जुळून किती वर्षें झालीं? पाणी कितीदां दाखवितां? खांद्यास सूज आली तर काय करितां? आम्हीं उत्तरें दिलीं, परीक्षेस बसलेल्या मुलाप्रमाणें. शेवटीं त्यानें विचारिलें,

"गुरुजी, तुमच्या कोठ्यात निजते कोन?"

आम्ही निरुत्तर झालों. वडील होते तोंवर ते निजत. पुढें गडी होता; तोही आतां पुलगांवीं कामास जातो. पवळ्या ज्या रात्रीं गेला, त्या रात्रीं कोठ्यांत कोणी नव्हतें. हें घरांत आजवर कोणी उघड बोललें नव्हतें, आणि त्या परक्या माणसापुढें तें आमच्या तोंडून निघून गेलें.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "माह्या एका बैलाची जोडी फुटली हाय. तुमचाच इकडं द्या, गुरुजी. तिकडं दुसरा कायले नेता?"

घेण्यास गेलेले आम्ही देण्याचा विचार घेऊन परतलों. मातोश्री दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "पोळ्याला त्याला पाहायला न्याल ना रे मला?"

माघांत गवळी स्वतः आला. मातोश्रींनीं, पोळा नसतांही, ढवळ्याच्या खांद्यास हळद आणि तूप चोळलें. विकावयाचा म्हणणाऱ्या बंधूंनींच कासरा हातीं घेतला आणि "शिंवेपर्यंत पोंचवून येतों" असें म्हणून ते निघाले. ते परत आले तेव्हां दिवेलागण होऊन गेली होती.