आजोबांचे टाळ

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की खारघरच्या डोंगरांवरून शुभ्र ओहोळ धावू लागतात. त्या डोंगरांकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एक आजोबा आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू खिडकीशी बसून पाऊस पाहत असत. आजोबांचे उभे आयुष्य भजनात गेले होते. त्यांचे टाळ भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले असत. परंतु कित्येक वर्षांत ते घरात वाजले नव्हते.

टाळांचा पहिला ठोका पडताच नातू दोन्ही कान घट्ट दाबून धरी आणि कोपऱ्यात जाऊन बसे. कुकरच्या शिट्टीनेही त्याची तीच गत होई. गणेशोत्सवात साऱ्या घराने आरती म्हणावी आणि त्याने मात्र न्हाणीघराचे दार लावून रडावे, हे दरवर्षीचेच झाले होते. आजोबांना तो हट्ट वाटे. एकदा ते रागावून म्हणाले, "अरे, देवाच्या नामाचा कसला रे त्रास तुला?"

नातू काहीच बोलला नाही. सून मात्र हळूच म्हणाली, "बाबा, नामाचा नाही हो. त्याला आवाज दुखतो."

आवाज दुखतो! ज्या नादात आजोबांनी सुख शोधले, तोच नाद आपल्या नातवाला काट्यासारखा बोचत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

मुलगा स्वमग्न होता. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अशा काही मुलांचे सविस्तर वर्णन केले. आपल्या देशातील 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र तर खारघरातच आहे. पण आजोबांना हे सारे नवे होते. अशा मुलांचे कान बहुधा निरोगीच असतात. आपण गप्पांत रंगलो की पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा कर्णा आपले मन आपोआप मागे सारते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांच्या मनाला हे सारणे जमत नाही. सारे आवाज एकदमच आत शिरतात. सर्वांचे सारखे नसते, हेही खरे. एकाला शिट्टी सोसत नाही, तर दुसरा शिट्टीवाचून राहत नाही.

आजोबांनी मग कोमल संगीत शोधण्याचा चंग बांधला. त्यांनी प्रथम बासरी निवडली. बासरीइतके मृदू दुसरे काय असणार? सूर मंद्रात होते तोवर मुलगा स्वस्थ होता. पण ते तार सप्तकात चढले मात्र, त्याचे हात कानांवर गेले! आजोबा खिन्न झाले. खरे सांगायचे तर त्यांना थोडा अपमानही वाटला.

उत्तर सापडले ते पावसात. खालच्या मजल्याच्या पत्र्यावर एके दुपारी धो धो सर कोसळत होती. घरात एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. मुलगा मात्र खिडकीच्या गजांना कपाळ टेकून शांत बसला होता. आजोबा चकित झाले. हा आवाज तर टाळांहून मोठा! 2000 सालच्या नियमांनी निवासी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातली आहे. ती कितपत पाळली जाते, ते सणासुदीला दिसतेच. पण असल्या आकड्यांवरून आवाज किती मोठा एवढेच कळते; तो अवचित आला की सांगून आला, हे कळत नाही. पाऊस एकसारखा पडत होता. त्यात दचकविणारे काही नव्हते.

आजोबांनी माळ्यावरचा जुना तानपुरा खाली उतरविला. पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज: चार तारा, पुनःपुन्हा त्याच क्रमाने. पुढचा सूर कोणता, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक. तारा घोडीवर टेकतात तेथे सुताचा बारीक दोरा सरकवला की जवारी खुलते आणि तारेतून अनेक सूक्ष्म सूर झणकारू लागतात. आजोबांना ती झणकार प्राणाहून प्रिय. नातवाने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. आजोबा क्षणभर थांबले. गवयाने जवारी बंद करावयाची म्हणजे सुगरणीने मीठ वगळण्यासारखेच! तरीही त्यांनी चारही दोरे काढले. सूर बोथट झाला. मुलगा उठला, जवळ आला आणि त्याने भोपळ्यावर तळहात ठेवला.

त्या वर्षी आरतीची रीत बदलली. किती आरत्या होणार, ते आदल्या रात्री कागदावर लिहून मुलाला दाखविले. घंटा वाजली नाही. सर्वांनी हलकेच टाळ्या धरल्या. मुलगा शेजारच्या खोलीत बसला होता, आणि दार किती उघडे ठेवायचे ते त्याच्याच हाती होते. पहिल्या आरतीला ते चार बोटे उघडे होते; तिसरीला वीतभर. काही पाहुणे कुजबुजले, "टाळांवाचून कसली आरती!" आजोबांनी ऐकले न ऐकलेसे केले.

विसर्जनाच्या मिरवणुकीचे कोडे मात्र सुटलेले नाही. रस्त्यावरच्या ताशाला दार नसते. त्या दिवशी मायलेक दुपारीच मामाच्या गावी निघून जातात आणि आजोबा एकटेच गणपतीला निरोप देतात.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मागे किणकिण झाली. नातवाने स्टुलावर चढून टाळ काढले होते. त्याने ते एकमेकांवर अलगद टेकविले, कानाशी नेले आणि नाद पार विरेपर्यंत ऐकला. मग पुन्हा एकदा वाजविले, थोडे अधिक जोराने. आजोबांनी मान वळविली नाही. वर्तमानपत्राचे पानही उलटले नाही, कारण त्याचा आवाज झाला असता.