बिनतारी तोरण

धाराशिवांतील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती उन्हाप्रमाणेंच बिनतारी लहरींसही अडवितात. तरी एकाच खुर्चीपाशीं आमचा मोबाइल सुरळीत चाले आणि लॅपटॉप मात्र अडखळे. अर्थात् दोष लॅपटॉपचाच. परदेशीं असलेल्या मुलीशीं रविवारचें बोलणें वाक्याच्या मध्येंच तुटूं लागलें, तेव्हां बाहेरून जोडावयाचा यूएसबी ॲडॅप्टर शोधणें आम्हांस प्राप्त झालें. दुकानदार ५ गिगाहर्ट्झच्या वेगाचे गोडवे गाऊं लागला. परंतु त्या लहरी भिंतीपुढें लवकर नमतात. २.४ च्या लहरींवर काम संथ चालतें खरें, पण त्या पलीकडे पोंचतात. नखाएवढा ॲडॅप्टर दिसावयास सुबक, पण त्याचा अँटेनाही नखाएवढाच! आम्हीं दोन्ही लहरींचा, बाह्य अँटेनाचा पसंत केला व मीटरभर यूएसबी तारेनें दाराच्या चौकटीस टांगला. घरांतील मंडळी त्यास आमचें तोरण म्हणतात.