थांबणं जमलेली गायिका

फे वाँग मला आधी भेटली ती नटी म्हणून. गायिका मागाहून कळली. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत दिग्दर्शक वाँग कार-वायचा ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ पाहिला, १९९४चा. हाँगकाँगच्या एका खाण्याच्या टपरीवरची, केस पोरासारखे कापलेली मुलगी मोठ्याने गाणी लावून डुलते आणि एका पोलिसाच्या घरात चोरून शिरून साफसफाई करते. टाकीत नवे मासे सोडते, डब्यांवरची लेबलं बदलते. त्याला पत्ताच नाही! त्या वयात वाटलं, प्रेम करावं तर असं. सिनेमात फे वाँगचं स्वतःचं गाणंही आहे, आयरिश बँड क्रॅनबेरीजच्या ‘ड्रीम्स’चं कँटोनीज रूप. तेव्हापासून त्या आवाजाच्या मागे लागले.

नोकरीला लागल्यावर मात्र तिच्या आयुष्यातला निराळाच भाग जवळचा वाटू लागला. ती मूळची बीजिंगची, १९८७मध्ये हाँगकाँगला आलेली. १९८९मध्ये पहिला अल्बम निघाला, तेव्हा तिचं नाव होतं ‘शर्ली’. बीजिंगची मुलगी तिथल्या बाजाराला गावंढळ वाटू नये, ही कंपनीची काळजी. जम बसत असतानाच १९९१मध्ये ती सगळं टाकून न्यूयॉर्कला गेली. परतल्यावर १९९२च्या ‘कमिंग होम’ या अल्बमने तिचं नशीब पालटलं आणि ‘शर्ली’ मागे पडली. १९९६च्या ‘फूझाओ’ची बहुतेक गाणी तर तिने स्वतःच बांधली. साहेबांच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावण्याच्या त्या दिवसांत, लोकलच्या गर्दीत, मी हीच गाणी ऐकायचे.

२००३नंतर तिने नवा अल्बम काढला नाही. धाकटी मुलगी दुभंगलेला ओठ घेऊन जन्मली, तेव्हा नवऱ्यासह तिने अशा मुलांच्या उपचारांसाठी संस्था उभारली. अधूनमधून गायली, पण मनाला येईल तेव्हाच. २००९मध्ये चीनमधल्या फामेन मंदिरात तिने ‘हृदयसूत्र’ हे बौद्ध सूत्र गायलं. त्याचा प्रचलित चिनी पाठ ह्युएन त्संगाच्या नावावर आहे. सातव्या शतकात महाराष्ट्राच्या लोकांचं वर्णन लिहून ठेवणारा तोच प्रवासी. हल्ली मी हेच रेकॉर्डिंग जास्त ऐकते. सुरांत कसलीही चढाओढ नाही.

कलावंताची कारकीर्द आपण अल्बम, चित्रपट आणि बक्षिसांनी मोजतो. फे वाँगच्या हिशेबात तिने न काढलेले अल्बमही धरावे लागतील.