बोट घेतली, पण पाण्याबाहेर कुठे काढायची?

पर्यटनाची सभा असली की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं : महाराष्ट्राला लांबलचक किनारा लाभलाय. टाळ्या पडतात. त्या किनाऱ्यावर एखादी बोट तपासायला पाण्याबाहेर काढायची झाली तर कुठे न्यायची, हे मात्र कोणी सांगत नाही. गेले काही महिने एका मित्राबरोबर फिरताना हा प्रश्न जवळून बघितला, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण मे महिन्यात पाहुण्यांना बोटीत बसवणाऱ्या सगळ्यांनी वाचावी.

मित्र देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. आंब्याची कलमं आहेत, चार खोल्यांचा होमस्टे आहे. पर्यटकांना खाडीत फिरवायला बोट हवी होती, नवी परवडत नव्हती. मुंबईत एक जुनी मोटर यॉट विकायला असल्याचं कळलं. ३४ फुटी, फायबरची, दोन डिझेल इंजिनं, आत केबिन, वय तीसच्या घरात. मागणी १८ लाखांची. फोटोत बोट नवरीसारखी दिसत होती. मला कागद वाचायची सवय आहे, म्हणून त्याने मला सोबत घेतलं.

एजंट घाईत. "दोन पार्ट्या रांगेत आहेत, आजच टोकन द्या." मित्र म्हणाला, आधी तपासणी, मग टोकन. स्वतःच्या पैशाने सर्व्हेअर लावला. क्रेनने बोट वर काढली. सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन तळ वाजवत फिरला. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. फायबर घट्ट असेल तर आवाज टणक येतो, आतले थर सुटले असतील किंवा लाकूड कुजलं असेल तर बद्द. मागच्या बाजूला आवाज बद्द आला. ओलावा मोजायच्या यंत्रानेही तेच सांगितलं.

मग बोट पाण्यात सोडून इंजिनं पूर्ण वेगाने चालवली. धूर काळा असेल तर इंजिनावर भार जास्त किंवा त्याला हवा कमी पडतेय. निळा असेल तर ऑइल जळतंय. डाव्या इंजिनाचा धूर निळा होता. सर्व्हेअरच्या अहवालानंतर किंमत १३ लाखांवर आली. वाचलेले पाच लाख दुरुस्तीत गेले, पण कुजकी बाजू नवी झाली आणि इंजिन उघडून नीट केलं गेलं.

आता कागदाचं. बोट होती खासगी वापराच्या नोंदणीची. म्हणजे मालकाने मित्रमंडळींना घेऊन फिरावं. तिकीट लावून माणसं बसवायची तर गोष्ट वेगळी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी, नोंदणी, विमा, चालवणाऱ्याचा दाखला, हे सगळं त्यात येतं. किती माणसं बसवायची आणि कुठल्या पाण्यात फिरायचं तेही ठरतं. एजंट म्हणत होता, "ते नंतर होतं हो." मित्राने पैसे देण्याआधी विचारून घेतलं, हे बरं केलं.

पुढचा प्रश्न, आणायची कशी? पहिला विचार रस्त्याचा. आपल्याकडे वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर, बोटीची रुंदी साडेतीन. म्हणजे खास परवानगी, लो-बेड ट्रेलर, पुढे-मागे गाड्या. वरचा डेक उतरवायचा, विजेच्या तारा बघत यायचं. महामार्गापर्यंत एक वेळ ठीक, पण तळेऱ्याहून खाली उतरणाऱ्या वळणांवर ट्रेलर वळेल का, याची खात्री कोणी देईना. आणि गावात पोचल्यावर बोट उचलून पाण्यात ठेवायला क्रेन परत बाहेरूनच आणायची.

शेवटी दर्यातून आणायचं ठरलं. सुमारे १५० सागरी मैल. जानेवारीत, बंदरात कळवून, प्रवासाचा वेगळा विमा काढून. आमच्या भागातले एक जुने तांडेल सोबत होते. रात्री चालायचं नाही, ही त्यांची अट. अंधारात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत, पंख्यात अडकली की दोन्ही इंजिनं असून उपयोग शून्य. पहिला मुक्काम दाभोळच्या खाडीत, दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढायच्या आत जितकं जमेल तितकं कापायचं. मी बोटीवर नव्हतो, फोनवर होतो. संध्याकाळी बोट खाडीत शिरली तेव्हा अर्धा गाव धक्क्यावर होता. तांडेल उतरता उतरता म्हणाले, "बोट जुनी आसा म्हणान भियाचा नाय. तिका कोणी बगल्यान नाय, हेका भियाचा."

खरी गोष्ट इथे सुरू होते. पावसाळ्याआधी बोट वर काढायला हवी. आपल्या लाकडी होड्या ओंडक्यांवरून माणसं ओढून वाळूवर घेतात. यॉटचं तसं नाही, पंखे आणि सुकाणू तळाखाली असतात, ओढली की मोडणार. ती पट्ट्यांत धरून उचलावी लागते किंवा पाण्यात उतरणाऱ्या पक्क्या उतारावरून गाडीवर घ्यावी लागते. आम्ही चौकशी केली, परवडेल अशी सोय जवळपास मिळाली नाही. म्हणजे दरवर्षी मुंबईला न्यायची, नाहीतर खाडीतच ठेवायची.

मित्र मुंबईला नेईल. पण दुसरा कोणी असेल तर? तो बोट वर काढणारच नाही. तळ कोणी बघणार नाही. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जणं गेली. मासेमारीची बोट बदलून ती पर्यटकांसाठी केली होती, आणि माणसंही प्रमाणाबाहेर भरली होती. जुनी बोट हा गुन्हा नाही, तपासणी न होणं हा आहे. आणि तपासणीची सोय दीडशे मैलांवर असेल, तर ती टाळणाऱ्यांची संख्या वाढणारच.

विजयदुर्गजवळ गिर्येला मराठा आरमाराची गोदी आहे, अठराव्या शतकातली, खडक फोडून केलेली. जहाजं आत घेऊन दुरुस्त करायला. तेव्हाच्या लोकांना कळलं होतं की आरमार ठेवायचं तर ते दुरुस्त करायची जागा आधी लागते. आपण आज जलपर्यटनाचे फलक आधी लावतो.

मागणी मोठी नाही. खाडीवर एक काँक्रीटचा उतार, ज्यावर मच्छीमारांच्या बोटीही चढतील. हंगामाआधी ठरलेल्या तारखांना सर्व्हेअर तालुक्यातच. आणि प्रत्येक प्रवासी बोटीवर, आत शिरताना दिसेल असा मराठी फलक : किती माणसं, तपासणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत. हे तिन्ही मुद्दे लिहून मी निवेदन तयार केलंय, येत्या ग्रामसभेत मित्र मांडणार आहे. आपापल्या गावात मांडायचं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, मजकूर पाठवतो.

आणि तोवर बोटीत पाय ठेवण्याआधी एवढंच विचारा : दाखल्यावर किती माणसं लिहिलीत? उत्तर देताना समोरचा इकडेतिकडे बघायला लागला, तर पोरांना घेऊन खाली उतरा.