आंघोळीचे वाक्य

मुलांच्या हाती पुस्तक देताना आपण वडीलधारी माणसे बहुधा इतकेच पाहतो की, त्यात वाईट असे काही नसावे. घरातील माया असावी, थोडे धैर्य असावे आणि शेवटी चांगुलपणाचा जय व्हावा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ या कसोटीला पूर्णपणे उतरते, असे आपण धरूनच चालतो. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. माझ्या आईने ती मला वाचून दाखविली, मी मुलीला वाचून दाखविली, आणि आता नातीची पाळी आली आहे.

परंतु या पुस्तकात एक वाक्य असे आहे की, ते मोठ्याने वाचताना आमच्या घरी प्रत्येक पिढीचा आवाज अडखळतो. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीची ती हकीकत. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडली आहे. ती अस्पृश्य, म्हणून कोणी हात लावीत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यावयास पाठविते, आणि त्याबरोबरच घरी येऊन आंघोळ करावयासही सांगते.

आमच्या सौभाग्यवतींनी मला सुचविले, “अहो, आंघोळीचे तेवढे गाळून वाचा. गोष्ट इतकी चांगली, पोरीच्या डोक्यात नसते ते कशाला घालायचे?” सूचना मायेपोटी होती, तरीही मी वाक्य गाळले नाही. व्हायचे तेच झाले. नातीने विचारले, “आजोबा, त्या म्हातारीचे हात मळले होते का?” मी म्हणालो, “लाकडे वेचणाऱ्याचे मळतात तेवढेच.” “मग आंघोळ कशाला?” थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला, “आणि तिचे नाव काय होते?”

‘त्या काळी तसे असे’ हे पहिल्या प्रश्नाचे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पूर्ण उत्तर असे की, ज्या हाताने मूल माया शिकते, त्याच हाताने ते विटाळही शिकते. श्यामची आई काही भित्री बाई नव्हे. पोहावयास घाबरून लपलेल्या मुलाला शिपटीने मारून विहिरीवर धाडणारी ती आई; मुलाला कोणी भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नाही. साऱ्या गावाच्या देखत मुलाला मोळीला हात लावावयास सांगताना ती गावाला भ्याली नाही. स्वतःच्या उंबरठ्यापाशी मात्र तिचे धैर्य थांबले. आंघोळ गाळली, तर आई निष्कलंक होते खरी. पण रूढी केवळ दुष्टांच्या घरी नांदते, असा मुलाचा समज होतो. मग ते आपल्या घरात तिचा शोध कधीच घेणार नाही.

शिवाय, आई कोठे थांबली हे कळल्यावाचून मुलगा किती पुढे गेला हे कसे कळावे? १९४७ च्या मे महिन्यात याच साने गुरुजींनी आमच्या जिल्ह्यातील पंढरपुरास विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावून उपोषण केले. मोळीपासून महाद्वारापर्यंतचे हे अंतर आंघोळीच्या त्या वाक्यापासूनच मोजावे लागते.

मी इंग्रजी शिकवितो; त्यामुळे येथे हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० सालची कादंबरी आठवल्यावाचून राहत नाही. खोट्या आरोपात सापडलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयाचे वकीलपत्र घेणारा अ‍ॅटिकस आणि त्याची दोन मुले यांची ती कथा. तेथेही धैर्याचा पाठ घरातच मिळतो. जातिभेद आणि वर्णभेद यांची तुलना ओढूनताणून केलेली नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली होती. पण दोन्ही कथांत एक उणीव सारखीच आहे. मदत करणाऱ्याचे घर आपल्याला आतून दिसते. ज्याला मदत झाली त्याचे घर जवळजवळ दिसतच नाही. नातीच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणूनच माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या म्हातारीला पुस्तकात नाव नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी तिला पलीकडच्या बाजूची एक हकीकत वाचून दाखविली. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून निघालेली चार मुले मसूरच्या स्थानकावर उतरली. त्यांतील भीमराव नावाचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा. वडील गोरेगावास रोखपाल. त्यांच्याकडे निघालेली ही मुले नीटनेटक्या पोशाखात होती. ती महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला; पण बैल हाकावयाचे मुलांनी, आणि त्याने शेजारून चालावयाचे. जवळ खाणे भरपूर होते. पाणी कोणी देईना, म्हणून मुले तशीच उपाशी निजली. डॉ. आंबेडकरांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

श्यामचे पालगड दापोली तालुक्यातले. आपले घराणे मूळचे दापोली तालुक्यातलेच, असे आंबेडकरांनीही याच हकिकतीत नमूद केले आहे. मोळी उचलणारा मुलगा आणि तहानलेला मुलगा यांची मुळे अशी एकाच मातीतली. आपल्या घरांतील पुस्तकांच्या फळीवर मात्र पहिला केव्हाच स्थानापन्न झाला आहे, आणि दुसऱ्याला पुष्कळ ठिकाणी अद्याप जागा मिळावयाची आहे. दोघांना शेजारी बसविणे फारसे अवघड नाही. एका रात्री एक वाचावे, दुसऱ्या रात्री दुसरे. आणि मध्ये मूल जे विचारील, त्याला काहीही न गाळता उत्तर द्यावे.