बर्फावरची रेघ

गुरू निवडायचा नसतो, तो भेटावा लागतो, अशा समजुतीत आमची पिढी वाढली. त्यामुळे निवृत्तीनंतर टोरांटोच्या उपनगरात मुलाकडे राहायला आल्यावर, साठी उलटलेली असताना फिगर स्केटिंगचा प्रशिक्षक निवडण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही गोंधळलो. रिंकवरच्या कचेरीतील मुलीने विचारले, ‘तुम्हाला कसे शिकायला आवडते? ऐकून, पाहून, की करून?’ तीस वर्षे मराठी कविता शिकवलेल्या माणसाचे उत्तर ठरलेलेच होते : ऐकून.

तसे प्रशिक्षक मिळालेही. तरुण, बोलके, अतिशय सज्जन. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, मधे पन्हळीसारखा खोलगटपणा असतो. देह वर्तुळाच्या आत झुकला की एकच धार बर्फाला टेकते, हे त्यांनी इतके सुरेख समजावले की आम्ही घरी येऊन सूनबाईंना त्यावर व्याख्यान दिले. ‘थ्री टर्न’ हे आरंभीचे एक वळण. एकाच पायावर पुढे जाता जाता मागे वळायचे. बर्फावर तीनच्या आकड्यासारखी खूण उमटते, म्हणून हे नाव. चार महिन्यांत त्याची उपपत्ती आम्हांला मुखोद्गत झाली. वळण मात्र एकदाही साधले नाही.

मग एका वयस्क बाईंकडे गेलो. त्या फारसे बोलत नसत. आम्ही पडलो की कारण न सांगता त्या जागी परत नेत आणि म्हणत, ‘तुमची रेघ वाचा.’ वाकून पाहावे, तर एकेरी रेघ हवी तिथे, वळणाच्या थोडे आधी, दोन समांतर रेघा. म्हणजे दोन्ही धारा टेकलेल्या. पडण्याच्या भीतीने देह आधीच ताठ झालेला. तोंडाने आम्ही कितीही सिद्धान्त सांगितला, तरी रेघ खरे तेच सांगत होती. या कलेचे नावही अशा रेघांवरूनच पडले आहे. ठरावीक आकृत्या बर्फावर कोरून दाखवण्याची परीक्षा १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेली. बाईंच्या शिकवण्यातून ती गेली नव्हती.

आमच्या आवडीला साजेसे बाईंकडे काहीच नव्हते. तरीही वळण साधले ते त्यांच्याकडेच. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणशैलींवरचे संशोधन तपासले, तेव्हा विद्यार्थ्याच्या आवडत्या शैलीत शिकवल्याने तो अधिक शिकतो, याला पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. आम्हांला तो आधी गुडघ्यांनी पटला.

जपानच्या माओ असादाची गोष्ट येथे आठवते. २०१० साली ऑलिंपिकचे रौप्यपदक आणि दुसरे जगज्जेतेपद मिळवल्यावर ती नोबुओ सातो यांच्याकडे गेली आणि येत असलेल्या उड्या मुळापासून पुन्हा शिकू लागली. पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत ती सहावी आली. २०१४ मध्ये सोची येथे पहिल्या फेरीत सोळावी. दुसऱ्या फेरीत मात्र १४२.७१ गुण, तिच्या कारकिर्दीतले सर्वोच्च. त्याच वर्षी तिसरे जगज्जेतेपद. आपल्याला रुचणारा गुरू आणि आपली चूक आपल्याला दाखवणारा गुरू, यांतला फरक ओळखायला केवढे धैर्य लागते, हे त्या चार वर्षांकडे पाहिले की कळते.

आणि एक विद्यार्थिनी आठवते. तासानंतर थांबून ती म्हणाली होती, ‘सर, तुम्ही शिकवता तेव्हा सगळं कळतं. घरी एकटीनं कविता उघडली की काहीच कळत नाही.’ आम्ही ते वाक्य वर्षानुवर्षे प्रशस्तिपत्रासारखे मिरवले. तिने स्वतः कविता वाचताना कुठे अडखळते, ते वाकून पाहण्याचे आम्हांला एकदाही सुचले नाही. तिलाही प्रशिक्षक निवडता आला असता, तर तिने आम्हांला निवडावे असे आज आम्ही म्हणू शकत नाही.